परत पाठवलेली आखणी

डॉक्टर प्राप्ती घरत औषध लिहून देत नाही, सुई टोचत नाही आणि पेशंट तर तिच्या खोलीकडे फिरकतही नाही. त्यामुळे अलिबागच्या खारेपाटात, खाडीकाठच्या तिच्या भातगावात, तिच्या डॉक्टरकीवर फारसा कुणाचा विश्वास नाही. ‘एवढी शिकली आन् दुसऱ्यांची कामं तपासत बसते,’ असं तिचे चुलतेच म्हणतात. आता त्यांना कोण समजावणार?

कर्करोगावर किरणांचा उपचार करायचा, तर आधी डॉक्टर स्कॅनच्या एकेका कापावर रोगाच्या जागेभोवती रेष आखतो. किरणं त्या रेषेच्या हुकमात असतात. नवा उपचार अनेक हॉस्पिटलं मिळून पारखतात, तेव्हा प्रत्येकानं आपल्या मनासारखी रेष मारली, तर उपचार फसला की आखणी फसली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून सामील होऊ पाहणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलाला आधी एकाच नमुना रुग्णाची आखणी करून पाठवावी लागते. प्राप्ती नवी मुंबईत बसून ती तपासते. ती पटली तरच प्रवेश. खारेपाटात वीतभर बांध सरकला तर सख्खे भाऊ जन्मभर बोलत नाहीत. प्राप्ती मिलिमीटरवरून भांडते, म्हणजे वळण घरचंच.

सध्याची चाचणी गालाच्या कर्करोगाची होती. रोग एका गालात असेल, तर दुसऱ्या बाजूची लाळेची ग्रंथी किरणांपासून वाचवता येईल का, एवढाच प्रश्न. आखण्या बिननावाच्या येतात. पण त्या दुपारी एक आखणी उघडली आणि प्राप्तीनं ती मोठी करून पुन्हा पाहिली. जबड्याखालून ऐसपैस वळण घेणारी ती रेष तिनं शंभरांतून ओळखली असती. डॉ. तुळशीराम म्हात्रे! ज्यांच्या हाताखाली ती शिकली, ते तिच्याच गावचे सर.

सरांचा हात सढळ होता, त्यालाही कारण होतं. त्यांच्या उमेदीच्या काळात स्कॅन धूसर, आणि दिघीसारख्या लांबच्या गावांतली माणसं रोग पार बळावल्यावर यायची. ‘राहिलं म्हणून रडण्यापेक्षा जास्त घेतलं म्हणून बोल खाऊ,’ असं ते म्हणायचे. त्याच सढळ हातानं त्यांनी प्राप्तीच्या आईला, सगुणाबाईला, मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. बाई जगली. फक्त तोंडातली लाळ आटली, ती कायमची. या आखणीतही दुसऱ्या बाजूची चांगली ग्रंथी सरांनी अख्खी आत घेतली होती.

प्राप्ती थेट विभागप्रमुख दिपाली मॅडमकडे गेली. “मॅडम, ही कुणाची आखणी आहे ते मी ओळखलंय.”

मॅडमनी ती दुसऱ्या डॉक्टरकडे तपासायला दिली. निकाल प्राप्तीच्या मनात होता तोच आला: परत पाठवा. प्राप्तीला आता हात झटकून मोकळं होता आलं असतं. पण ती म्हणाली, “कारणं मी लिहिते आणि खाली माझं नाव घालते. सरांना नुसता शेरा पटायचा नाही.”

लिहिताना एक अक्षरही तिनं गुळमुळीत ठेवलं नाही.

आईपासून लपवायची तिला सवय नव्हती. फोनवर ऐकताच सगुणाबाई कडाडली, “ज्यानी मना जगवली, त्यालाच तू नापास केलास? साखरचौथीला ते आपल्याकडं गणपतीला येतान. मी कंच्या तोंडानं म्होरं जाऊ?” फोन आपटला, तो पुढे कितीतरी दिवस अबोला. सरांकडूनही ना फोन, ना निरोप. सुधारलेली आखणी तेवढी आली. ती अगदी चोख होती, पण प्राप्तीचा जीव टांगणीला लागलेलाच राहिला.

साखरचौथीला, म्हणजे अनंत चतुर्दशीनंतरच्या संकष्टीला, चंद्र उगवायची वेळ झाली, घर माणसांनी भरलं, आणि म्हात्रे सर आले. आळीभर बातमी पसरलेली, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. सरांनी दर्शन घेतलं आणि ते सगुणाबाईसमोर बसले.

“तुमच्या पोरीनं माझं काम परत पाठवलं, ऐकलंत ना?”

सगुणाबाईनं मान खाली घातली. “पोर हाय, डाक्टर. चुकली.”

“चुकली न्हाय. तुमच्या वेळेला मना दुसरं ठाऊक नव्हतं, म्हणून तुमची लाळ गेली. मी आजूनही तीच रेष वढत होतो, आन् मना ‘सर, थांबा’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. हिनं म्हटलं, तेही स्वतःच्या नावानिशी. पहिले दोन दिवस मना राग आला, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी वाटलं, आरे, हिला शिकवली कुणी? मीच ना!”

 सगुणाबाई डोळे पुसून उठली. त्या घरात आरतीचं ताट दरसाल पहिल्यांदा डॉक्टरांच्या हाती जाई. तिनं निरांजन लावलं, ताट उचललं, आणि सगळ्यांच्या देखत प्राप्तीपुढे धरलं.

“आधी माझी लेक,” ती म्हणाली. “डाक्टर, तुम्ही मागनं.”

म्हात्रे सर हसत उभे राहिले आणि टाळ्यांचा ठेका त्यांनीच धरला.