चाचांची टेप

घोडेगावात जॅझ ऐकणारा मी एकटाच होतो. हे फुशारकीनं सांगत नाही. फुशारकी मारायची तर समोरच्याला निदान जॅझ म्हणजे काय ते ठाऊक असावं लागतं. मी पंचायत समितीत कारकून. नव्वद सालाच्या आसपास एका संध्याकाळी रेडिओवर बातम्या शोधत होतो, तर कुठल्याशा परदेशी स्टेशनवर एक ट्रंपेट वाजताना सापडला. बातम्या राहिल्या त्या राहिल्याच.

मग रविवारची पहिली एसटी धरून पुण्याला जायचं वेड लागलं. तिथल्या जुन्या बाजारात नळाच्या तोट्या आणि मोडके पंखे मांडून बसलेल्या एका माणसाकडे जुन्या रेकॉर्डींचा ढीग असायचा. त्यातून जॅझच्या निवडून आणायच्या, पुसायच्या आणि घरी कॅसेटवर उतरवून घ्यायच्या, म्हणजे सुईनं मूळ रेकॉर्ड झिजायला नको. दोन तुकड्यांमधली मोकळी जागा आली की मी पॉजचं बटण दाबायचो आणि पुढचा सूर लागायच्या आत सोडायचो. टेपचा वीतभर तुकडादेखील वाया जायचा नाही. या हातोटीचा मला भारी अभिमान होता.

"आवो, ह्याच्यात गाणं कधी सुरू व्हणार?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

"हेच गाणं आहे."

"मग संपणार कधी?"

समोर बसून जॅझ ऐकायचा योग फक्त एकदा आला. पुण्यातल्या एका हॉलमध्ये मुंबईचा एक सॅक्सोफोनवाला आला होता. पहिला तासभर त्यानं पाहुण्यासारखं अंग चोरून वाजवलं. मध्यंतरानंतर गडी खुलला आणि नेमकी माझी शेवटच्या गाडीची वेळ झाली. पार मंचर येईपर्यंत मी स्वतःवर चरफडत होतो.

चाचा मला भेटले ते लेण्याद्रीजवळच्या एका लग्नात. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं आणि बँड जुन्नरचा होता. मी जेवायला बसलो होतो. बाहेर बँडवाल्यांनी एक घासून गुळगुळीत झालेलं सिनेमातलं गाणं धरलं. क्लॅरिनेटवाल्यानं कडवं एकदा सरळ वाजवलं, दुसऱ्यांदाही सरळ. तिसऱ्यांदा मात्र चाल तीच ठेवून तो भलत्याच वाटेनं गेला, आता हा चुकतो असं वाटेपर्यंत लांब गेला आणि बरोबर समेवर परत आला. मी पानावरून उठलो. वाढपी म्हणाला, "पावणं, बुंदी तर घ्या." मी बाहेर जाऊन पाहिलं, तर साठीकडे झुकलेला, लाल कोट घातलेला एक सडपातळ माणूस रुमालानं क्लॅरिनेट पुसत उभा होता.

जुन्नरच्या बाजारात त्यांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. लगीनसराईत बँड आणि एरवी स्टोव्ह. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. पुढच्या रविवारी मी टेपरेकॉर्डर आणि क्लॅरिनेटची एक कॅसेट घेऊन दुकानात हजर झालो. चाचांनी हातातला बर्नर खाली ठेवला आणि मान खाली घालून पूर्ण बाजू ऐकली.

"ह्यो मानूस मुद्दाम उशीर करतोय," ते शेवटी म्हणाले.

मी उडालोच. ही गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली होती.

"पन भाऊसाहेब, वरातीत आसं केलं तर घोडं फुडं निघून जाईल." मग बर्नर आणखी बाजूला सारून म्हणाले, "पुन्हा लावा बरं."

पुढची आठ-दहा वर्षं महिन्यातले एक-दोन रविवार मी त्या दुकानात काढले. पुण्याला जाणं कमी झालं. जुन्नरची गाडी स्वस्त पडते, असं मी बायकोला सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसून, माझ्याबरोबर त्याच जागेवर "आहाहा" म्हणणारं कुणीतरी मिळालं होतं.

दोन हजार साल उलटल्यावर चाचांचे पुढचे दात हलायला लागले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकतं. ते दात गेले की खेळ संपला. कवळी लावून वाजवणारे असतात, पण चाचा म्हणाले की या वयात नव्या तोंडानं फुंकायला शिकायची ताकद नाही. डॉक्टरांकडून त्यांनी लगीनसराई संपेपर्यंतची मुदत मागून घेतली.

"एक काम हाय तुमच्याकडं," त्या उन्हाळ्यात ते मला म्हणाले. "चाळीस वर्सं वाजवतोय, पन मी सोताला कधी भाईरून ऐकलंच न्हाई. एकदा ऐकायचंय. दात जायच्या आदी टेप कराल?"

मला कोण आनंद झाला. या कामासाठी अख्ख्या दोन तालुक्यांत माझ्याइतका लायक माणूस नव्हता!

सराईतलं शेवटचं लग्न घोडेगावातच होतं. मी नवी कोरी कॅसेट आणली, ताजे सेल घातले, टेपरेकॉर्डर खांद्याला लटकवला आणि हातात माइक धरून बँडबरोबर चालू लागलो. दुपारची चारची वेळ. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला होता. पहिली पंधरा मिनिटं सगळा धुमाकूळ. ढोलताशे कानठळ्या बसवत होते आणि नवरदेवाचा मामा नाचता नाचता "नागीन वाजवा, नागीन!" म्हणून ओरडत होता. त्या गदारोळात चाचांची क्लॅरिनेट मधूनमधून कुठंतरी चमकायची.

वाटेत एक घर लागलं. आठवड्यापूर्वी त्या घरातले म्हातारे गेले होते. सुतकाच्या घरापुढून वाजवत जात नाहीत. कुणाला सांगावं लागलं नाही. बँड थांबला, मामा थांबला आणि वरात मुकाट्यानं चालू लागली. नुसते चपलांचे आणि टापांचे आवाज. टेप फुकट कशाला घालवायची, म्हणून माझ्या अंगठ्यानं सवयीनं पॉज दाबला.

घर मागं पडलं, पण अजून जवळच होतं. त्यामुळे असेल, ढोलवाल्यानं काठ्या उचलल्या नाहीत. चाचांनी एकट्यानंच हळू सुरुवात केली. तेच गुळगुळीत गाणं होतं, ज्यासाठी मी लेण्याद्रीला पानावरून उठलो होतो. पण आता ते प्रत्येक सुराला उशीर करत होते. सूर यायच्या जागी यायचा नाही, आपण वाट बघायची, आणि आता येत नाही म्हणून सोडून द्यावं तर शेजारी येऊन बसायचा. दहा वर्षं दुकानात ऐकलेलं सगळं त्यात होतं, आणि तरी ते कुणाचंच नव्हतं, चाचांचं होतं. घोडं पुढं निघून गेलं नाही. घोडंसुद्धा रेंगाळत चाललं. मी माइक धरून रस्त्यात चक्क रडत होतो.

देवळाशी पोचल्यावर चाचांनी घाम पुसत मला खूण केली. "आलं का?"

"आलं," मी म्हणालो आणि बटणांकडे पाहिलं. पॉज तसाच दाबलेला होता.

त्या आठवड्यात चाचांचे दात काढले. मी महिनाभर जुन्नरला फिरकलो नाही. निरोप आला की सांगायचो, आवाज साफ करतोय, कॉपी काढतोय. कचेरीत लोकांना थापा मारणं वेगळं. ही थाप मला जेवू देत नव्हती. शेवटी बायको म्हणाली, "म्हातारा वाट बगत आसंल. जा आन् काय ते सांगून या."

गेलो. चाचांचे गाल आत गेले होते. त्यांनी दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून. मी टेप लावली. ढोल, ताशा, मामाचं नागीन. चाचा क्लॅरिनेट शोधत कान पुढं करत होते. मग चपलांचा आवाज आला, खट् झालं आणि टेप कोरी फिरू लागली.

"फुडं?"

मी सगळं सांगितलं. पॉजचं, सवयीचं, महिनाभराच्या थापांचं. चाचांनी कोरी फिरणारी टेप बंद केली.

"साऱ्या दुनियेचं टेप केलंत भाऊसाहेब," मग ते म्हणाले, "आन् माज्या पाळीला बटन दाबलंत."

मी कॅसेट काढून खिशात घातली. उठावं आणि पुन्हा तोंड दाखवू नये, असं मनात येत होतं.

"तुमी तर ऐकलं ना?" चाचांनी विचारलं.

"ऐकलं."

"ध्यानात हाय?"

"सगळं."

"मग म्हना."

मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मी नुसते ओठ हलवायचो. पण त्या दिवशी नाही म्हणायची सोय नव्हती. मी घसा खाकरून गुणगुणायला लागलो. चाचांनी पेटीतून क्लॅरिनेट काढली, तोंडाला न लावता मांडीवर आडवी धरली आणि तिच्यावर नुसती बोटं फिरवू लागले. दुसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"थांबा. हितं लौकर आलात तुमी. मी न्हवतो आलो एवढ्यात."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या जागेशी येऊन थांबलो. चाचांची बोटंही थांबली. त्यांनी डोळे मिटले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली, आणि मग मी पुढचा सूर घेतला.