यूपीएस वाजला की शेजारी येतात

गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात लाइन गेली की गल्लीत फक्त आमच्या घरातून टीं-टीं आवाज येतो. तो यूपीएसचा, जुन्या कॉम्प्युटरसोबत मिळालेला. लाइन गेल्यावर फाइल सांभाळायला थोडा वेळ मिळावा, एवढंच त्याचं काम, असं मी समजत होतो.

बाबांची समजूत वेगळी होती. टीं-टीं ऐकून शेजारी मोबाइल घेऊन यायचे आणि बाबा एक्स्टेंशन बोर्ड पुढे सरकवायचे. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण बाबांना यूपीएसचा अभिमान बहुधा जास्त होता.

तलावातल्या मासेमारीवरचा माझा प्रकल्प दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. नाही दिला तर वर्ष वाया. दुपारी लाइन गेली. बॅटरी संपत आली की कॉम्प्युटरनं सगळं जपून स्वतःच बंद व्हावं, अशी सेटिंग मी केली होती. पण शेजारच्या काकूंनी आज मोबाइलसोबत टेबलफॅनही आणला. बॅटरी इतक्या झपाट्यानं उतरली की कॉम्प्युटरला काही जपायला सवडच मिळाली नाही. स्क्रीन काळी.

"माहा प्रकल्प गेला," मी म्हणालो.

"लाइन आली का येते वापस," बाबा म्हणाले.

काकू पदरानं वारा घेत होत्या. "काऊन रे, लयच नाजूक हाये तुहा कॉम्प्युटर. आमचा पंखा तर मस्त चालून राह्यला होता."

लाइन आल्यावर फाइल परत मिळाली, पण शेवटची दोन पानं नव्हती. मी पुन्हा लिहायला बसलो. शेजाऱ्यांना नाही म्हणायचं तर आधी बाबांना म्हणावं लागलं असतं, आणि ते मला जमत नाही. म्हणून सेटिंग बदलली: बॅटरी जराशी उतरताच सगळं जपून बंद हो.

संध्याकाळी पुन्हा टीं-टीं. माणसं जमली. काकूंनी पंखा लावला आणि थोड्याच वेळात स्क्रीन काळी झाली.

"पुन्हा गेला का रे?" बाबांचा आवाज बारीक झाला.

"नाई. जपून बंद झाला. आता बाकी बॅटरी तुमची."

बाबांनी हे सगळ्यांना समजावलं. "पोरानं त्याले शिकवलं. पाव्हणे आले का आपण उठाचं, त्याहिले जागा द्याची."

लाइन आली. मी बटण दाबलं. मागे सगळे वाकून उभे. अर्धवट वाक्य होतं तसंच उघडलं.

"लिव आता लवकर," काकू म्हणाल्या, "लाइन पुन्हा जाईन."

सकाळच्या बसनं जाऊन मी प्रकल्प दिला. ती दोन पानं पहिल्या वेळेस जास्त चांगली झाली होती, असं मला अजून वाटतं. सरांच्या काही लक्षात आलं नाही.