वरचं आणि खालचं

अकोल्याच्या जठारपेठेत सरफराजचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि सरफराजला एक खूळ होतं. जुना लॅपटॉप हाती आला की त्यात दोन सिस्टम टाकल्याशिवाय गड्याला चैन पडायचं नाही. एक लिनक्स, एक विंडोज. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर एकाखाली एक दोन नावं यायची. खेड्यापाड्यातल्या गिऱ्हाइकाला तो समजावायचा, "अभ्यास, गाने, सारं वरच्यात. सरकारी फॉर्म भराचा असला तं खालच्यात." इंग्रजी नावं लक्षात ठेवतो कोण? वरचं आणि खालचं, झालं काम. या युक्तीचा त्याला भारी तोरा होता.

बार्शीटाकळीच्या रागिणीला त्यानं असाच एक लॅपटॉप दिला होता. पोरगी अमरावतीला कॉलेजात, घरी शेवंती-झेंडूचा मळा. दोन हजार चौदाचं साल. पाऊस रुसलेला, सोयाबीन हातचं गेलेलं, गावोगाव माणसं जिवाला कंटाळलेली. अशात बाया घर कशा रेटतात, हे रागिणीला कॉलेजसाठी लिहायचं होतं. सुरुवात तिनं आपल्या आईपासून, वच्छलापासून केली. वच्छला बोलायची, लॅपटॉप आवाज टिपून घ्यायचा. आई थांबली की पोरगी हळूच म्हणायची, "मंग?" की आई पुन्हा सुरू.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर रागिणी तापानं गेली. आठ दिवसांत सारं आटोपलं.

वच्छला मग रोज दुपारी फुलं तोडून झाली की लॅपटॉप उघडायची, वरचं लावायची आणि स्वतःचंच बोलणं ऐकत बसायची. स्वतःचं ऐकायची हौस तिला कशाला असेल? मधेमधे येणाऱ्या त्या "मंग?"साठी बसायची ती.

वर्षश्राद्ध आलं. रागिणीचा बाप गोवर्धन, मुलखाचा अबोल माणूस. फोटोशेजारी पोरीचा लॅपटॉप मांडावा असं त्याच्या मनात आलं, पण त्याच्या बटणांत मळ्यातली धूळ बसली होती. फुलं विकायला अकोल्याला आला तेव्हा लॅपटॉप घेऊन सरफराजच्या दुकानात आला.

"भाऊ, हे साफ करून द्या."

सरफराजच्या धंद्यात साफ करणं म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. पोरगी गेल्याचं त्याच्या कानावर होतं; त्याला वाटलं, आता लॅपटॉप कोणाला देऊन टाकत असतील. त्यानं जपून विचारलं, "काकाजी, वरचं करू का खालचं?"

गोवर्धननं झाकणाकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं. "दोन्ही करा ना."

एरवी सरफराज प्रत्येकाला विचारायचा, यातलं काही ठेवायचं आहे का. त्या दिवशी बापापुढं पोरीचा विषय काढायला त्याची जीभ रेटली नाही. तेवढं एक विचारलं असतं तर! त्यानं सगळं पुसलं, दोन्ही सिस्टम नव्या टाकल्या, आणि वर माणुसकी म्हणून बटणांतली धूळही ब्रशनं काढली.

पाचव्या दिवशी वच्छला बसनं एकटीच आली. "भाऊ, वरच्यात कायीच नाही."

सरफराजनं लॅपटॉप ठेवून घेतला. तीन दिवस दुकान अर्धं उघडं ठेवून तो पुसलेलं शोधत राहिला. नव्या सिस्टमनं जुन्याच जागेवर बस्तान मांडलं होतं. हाती लागला आवाजाचा एकच तुकडा.

तो ऐकायला दोघं नवरा-बायको आले. गोवर्धन पायरीवरच बसला, आत यायचा त्याला धीर होईना.

"मावशी, चूक माही हाय," सरफराज म्हणाला.

"तुमी इचारलं होतं. यायले समजलं नाही," वच्छला पायरीकडे पाहून म्हणाली. "लावा."

तिचाच आवाज आला. "त्या साली इहीर आटली. मी दुरून हंड्यानं पानी आनलं, एकेका झाडाले घातलं. शेवंती जगली..."

तिथं आवाज तुटला. सरफराजनं बंद करायला हात पुढं केला. वच्छलानं तो धरला.

"थांबा. इथं माही रागिनी मंग म्हनते."

सरफराजनं उठून पंखा बंद केला. तिघंही वाट पाहत राहिले.