खिशातला ठेका

भाग्येशचं बूड एका जागी टिकत नाही, हे अख्ख्या प्रकाशा गावाला ठाऊक. बसला की पाय हलतो, जेवताना ताटावर बोटं. नाशिकची नोकरी दीड वर्षात सोडून आला आणि वाजंत्र्यांच्या तालमीसाठी ॲप करायला बसला. म्हणजे बसला असं आपलं म्हणायचं. लय ठरवायची, टिकटिक लावायची, तिच्यावर वाजवायचं. ठेका चुकला की फोनचा पडदा लाल.

त्याचा मामा, बँडवाला भिला मास्तर, एक लग्नसराई वापरून बघायला तयार झाला. जमलं तर बाकीचे बँड मागून येणार, नाही तर भाग्येशनं मुकाट नाशिक गाठायचं, असं घरात ठरलं.

महिनाभर तालीम चालली. ढोलवाला पवन इतका पक्का झाला की पडदा लाल होईना. तरी भाग्येशला चैन कुठलं? रोज ॲपमधलं काहीतरी उपसायचं नि परत भरायचं.

शहाद्याच्या वरातीत बँड घड्याळासारखा वाजला. चौकात मामानं मागं पाहिलं, तर नवरदेव गायब. नाचणाऱ्या आत्या-मावश्या दमल्या, त्यांच्यामागं घोडी रेंगाळली, आणि बँड ठरल्या लयीत दोन गल्ल्या पुढं. नवरदेवाच्या काकानं विचारलं, लगीन वाजंत्र्यांचं शे का?

पवन पूर्वी उलटा चालायचा, नाचणाऱ्यांच्या पायांवर डोळा ठेवून. महिनाभर पडद्याकडं बघून तो सरळ चालायला शिकला होता.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच बोलला, “भाचा, तुन्हं यंत्र चुकस नही. पण ते नाचणारासनी वाट दखस नही.”

भाग्येश आठ दिवस तापीच्या घाटावर येरझाऱ्या घालत होता. मग त्यानं लाल पडदा काढला, टिकटिक काढली. आता फोन नाचणाऱ्याच्या खिशात. वाजवून झालं की ढोल पावलांपासून कुठं सुटला, ते ॲप दाखवतं.

तालमीत नाचायला मात्र कुणी उठेना. वाजंत्री दुसऱ्याला नाचवतो, स्वतः नाचत नाही.

“तुन्हा पाय असाबी एक जागे ऱ्हास नही,” मामा म्हणाला. “ठेव खिसामा, नाच.”

सकाळी दहाच्या उन्हात भाग्येश नाचला. मधेच पळाला, मधेच थांबला, आत्यांसारखा दमला. पोरं हसली. पवन हसला नाही. तो वळला, त्याच्या पायांकडं बघत उलटा चालू लागला.

मामानं घामेजलेला फोन हातात घेतला, चष्मा वर करून पाहिलं.

“ढोल चार येळ सुटी गया,” तो म्हणाला. “आखो एक डाव नाच.”