पाठ टेकलेल्याची बाजू

मी गणिताचे पेपर तपासत होते. मोबाइलवर रिंगमधली परदेशी कुस्ती पाहत भाचा म्हणाला, "मावशी, तुमच्या वक्तीबी हे ठरवूनच खेळत." तेवढ्यात कुस्तीची घंटा वाजली आणि मला आमच्या बेला गावातली एक संध्याकाळ आठवली.

दहावीत नापास होऊन मी आईसोबत कापूस वेचायला जात होते. त्या संध्याकाळी आई अशाच कुस्तीसाठी टीव्हीसमोर बसलेली, लुगड्याला कापूस चिकटलेला, बोटं बोंडांनी ओरबाडलेली. पंच तीनपर्यंत मोजत होता आणि ती पाठ टेकलेल्या पहिलवानावर ओरडत होती, "ऊठ!"

"आई, कोन हरनार ते आधीच ठरलं असते," मी म्हणाले.

"ठरलं असन. पन पडलेल्यानं काऊन आयकाव?"

ती पडद्याकडेच पाहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेचणीला न जाता शाळेत गेले आणि पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला.