फुंकणीवाले नाना

खोली दाखवायच्या आधी नानांनी माझ्या वडिलांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि एक लांब श्वास ओढला. मला नाशिकच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. सिन्नरच्या पुढच्या आमच्या गावाहून आम्ही दोघं सकाळच्या गाडीने जागा शोधायला आलो होतो. वडील दचकून एक पाऊल मागे सरले.

“तंबाखू,” नाना म्हणाले. “चालंल. दुसरं काय नाय ना?”

“नाय बुवा. माळ हे माझ्या गळ्यात.”

“माळ दिसली मला. माळ लय जणांच्या गळ्यात असती. म्हणून तर वास घेतो.”

परत जाताना वडील मला स्टँडवर म्हणाले, “माणूस येडा हे. पण तुला ऱ्हायला जागा चांगली हे.” मी नानांच्या मागच्या खोलीत तीन वर्षं राहिले.

नाना म्हणजे पुंजाराम. आडनाव लिहीत नाही. कामगारांना कारखान्यांत नेणाऱ्या-आणणाऱ्या बसगाड्यांची एक खासगी कंपनी होती, तिथे त्यांनी बावीस वर्षं गाडी चालवली. कंबर गेल्यावर मालकांनी त्यांना फाटकावर बसवलं. काम एकच. पहाटेच्या पाळीवर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरने नानांच्या हातातल्या, दारू प्यायलीय का ते दाखवणाऱ्या यंत्रात फुंकायचं. आकडा शून्य आला तर गाडीची किल्ली मिळायची. शून्याच्या वर काहीही आलं तर किल्ली नाही, रजिस्टरमध्ये नाव, आणि आठ दिवसांत कामावरून कमी. दुसरी संधी नव्हती. ड्रायव्हर मंडळी त्यांना फुंकणीवाले नाना म्हणत. तोंडावरही म्हणत.

यार्ड नानांच्या घराच्या मागच्याच गल्लीत होतं आणि माझं कॉलेज सव्वासातचं, त्यामुळे जाता जाता फाटकावरचं बोलणं रोज कानावर पडायचं.

“लवंग खाल्ली का रं? घरी पूजा होती?”

“दाढ दुखतीय, नाना.”

“दाढंला फुंकायला नाय लावत मी. फुंक.”

“रातची कवाच उतरली, नाना. शपथ.”

“तुझी उतरली. यंत्राची उतरू दे.”

सगळ्यांच्या आधी नाना स्वतः फुंकायचे. हा नियम कंपनीचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. रजिस्टरच्या पानावर पहिली ओळ कायम त्यांच्या नावाची आणि पुढे शून्य. “आपुन फुंकल्याबिगर दुसऱ्याला सांगू नये,” असं म्हणायचे. आणि एखाद्याने फारच गयावया केली, तर एकच वाक्य, “तुझ्या मागं माणसं झोपल्यात.” रात्रपाळी करून परतणारे कामगार गाडीत बसल्या बसल्या झोपतात. नानांच्या मते झोपलेला माणूस हा जगातला सगळ्यात मोठा भरवसा होता.

एकदा मी धीर करून विचारलं, “नाना, तुम्ही कधीच नाही घेतली?”

त्यांनी लपवलं नाही. तरुणपणी एका लग्नाहून ते तसेच गाडीवर गेले होते. पंचेचाळीस माणसं सिन्नरला सोडली, परत आणली. “मग? काय झालं?” मी विचारलं. “काहीच नाय झालं. वाटंत कुठं वळण आलं, कुठं गतिरोधक आला, एक आठवत नाय. उतरताना एक जण म्हणला, आज झोप भारी लागली, ड्रायव्हरसाहेब.” मग म्हणाले, “त्याचं त्वांड अजून दिसतं मला.”

कारभारीची गोष्ट त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितली होती. तेव्हा ती अभिमानाची गोष्ट होती. कारभारी सायखेड्याचा. कंपनीत नानांच्या मागून लागलेला, पुढे सात-आठ वर्षं शेजारच्याच घरात राहिलेला. मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षी एका सकाळी त्याने फुंकलं आणि आकडा आला. तो म्हणाला, “नाना, पोटासाठी अरिष्ट घेतो वैद्याचं. आत्ताच घेतलं. बाटली डब्याच्या पिशवीत हे, बघा.” नाना म्हणाले, “सगळ्यांच्याच पिशवीत काय ना काय असतं, कारभारी.” आणि आकडा लिहिला. आठ दिवसांनी कारभारी सामान घेऊन गावी गेला.

“एका ताटात जेवल्याला माणूस,” नाना मला म्हणाले होते. “तरी नाय सोडला. नियम म्हंजी नियम.” मला त्यांचा फार आदर वाटला होता. खरं तर अजूनही वाटतो, पण आता तो कसा सांगावा ते कळत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत नानांना खोकला झाला. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या नानींनी, दुकानातून द्राक्षासवाची बाटली आणली. खोकल्याला, अशक्तपणाला आमच्याकडे सगळेच घेतात, लहान मुलांनाही देतात. सकाळी निघताना नानींनी दोन चमचे दिले. नाना गल्ली ओलांडून फाटकावर गेले, रोजच्यासारखे रांगेसमोर उभे राहिले आणि फुंकले.

शून्य आलं नाही.

मी तेव्हा फाटकापाशीच होते. रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, “नाना, बाजूला व्हा. किल्ली नाय मिळायची.” सगळे हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. नाना हसत नाहीत असं पाहून एक जण म्हणाला, “अहो चेष्टा केली. नका लिहू. कोण बघतंय?” नानांनी रजिस्टरमध्ये आपलं नाव लिहिलं, पुढे आकडा लिहिला, यंत्र सुपरवायझरच्या हातात दिलं आणि घरी आले. मी कॉलेजला न जाता त्यांच्या मागे आले.

ते ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, “मी प्यालो नाय. खरं वाटतं का तुला?”

“हो.”

“का बरं?”

“तुम्हाला ओळखते म्हणून.”

“कारभारीला मी सतरा वर्षं ओळखत होतो,” नाना म्हणाले.

नाना उठले आणि माळ्यावरून एक खोकं काढलं. कंपनीने नवं यंत्र घेतलं तेव्हा जुनं नानांकडे पडून राहिलं होतं, ते त्यात होतं. खाली एक घडी घातलेला कागद होता, बारीक इंग्रजीतला. यंत्र आलं त्या दिवशी बटण कुठलं दाबायचं हे विकणाऱ्याने दाखवलं होतं. कागद कुणी उघडलाच नव्हता. फाटकावर इंग्रजी वाचणारं कोण होतं? “बघ बरं, यात औषधाचं काय दिलंय का,” नाना म्हणाले.

दिलं होतं. काही औषधांत मद्यार्क असतो, तो थोडा वेळ तोंडातच राहतो, म्हणून आकडा आल्यास पाण्याने चूळ भरायला लावून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यावी. मी मराठीत सांगितलं. नाना म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचलं. “शेवटलं तेवढं परत.” माझं इंग्रजी कच्चं आहे. मी शब्दकोशात प्रत्येक शब्द पाहिला, कुठेतरी माझी चूक निघावी म्हणून. चूक नव्हती.

मग नानांनी त्या जुन्या यंत्रात नव्या बॅटऱ्या घातल्या. दोन चमचे आसव घेतलं, फुंकलं. आकडा आला. चूळ भरली आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून राहिले. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकलं. शून्य. नानींनी हात जोडले, “सुटलात बाई एकदाचे.” नानांनी यंत्र पालथं करून ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

कंपनीत त्यांना काहीच झालं नाही. मॅनेजर हसून म्हणाले, “अहो नाना, तुम्ही गाडी कुठे चालवता? खोकल्याचं औषध घेतलंत, विषय संपला.” आणि त्या ओळीवर रेघ मारली. नाना मात्र अर्ज घेऊन गेले होते. तो मीच लिहिला होता. कारभारीची चाचणी चुकीच्या पद्धतीने घेतली गेली, चूक माझी आहे, त्यास कामावर परत घ्यावे. मी ‘महोदय’ तीनदा लिहिलं होतं. मॅनेजरनी वाचून बाजूला ठेवला. दोन वर्षं झाली, म्हणाले, आता काय सिद्ध होणार? नियमापुढे कुणाचं चालत नाही.

“मला सोडलं त्यो कंच्या नियमात?” नानांनी विचारलं.

पुढच्या रविवारी नाना सायखेड्याला निघाले. कागद वाचायला म्हणून मला बरोबर घेतलं. कारभारी घरापुढच्या बाजेवर बसला होता. भर दुपार होती. आम्ही जवळ गेलो आणि वास मलासुद्धा आला. नानांना तो आधीच आला असावा, ते चार पावलं मागेच थांबले होते.

कारभारीच्या बायकोने पाणी दिलं. नानांनी सगळं सांगितलं. मी कागद वाचला. कारभारीने शांतपणे ऐकून घेतलं.

“पंधरा मिन्टं?”

“हां.”

“नाना, मी तुमच्यापुढं अर्धा तास उभा होतो. परत फुंकू का, असं इचारलं होतं तुम्हाला. दोनदा.”

नाना मान खाली घालून बसले होते. “इचारलं होतंस.”

“तवा पीत नव्हतो मी. गावात आलो तर जो तो म्हणायचा, पिऊन गाडी चालवायचा, म्हणून काढला. पोरीला बघायला आले, ते बी तेच इचारून गेले. म्हणलं नाव तर झालंच हे.” तो हसला. “आता या घिऊन तुमचं यंत्र. आता खरं बोलंल.”

“कारभारी, मी तुला परत लावतो.”

“लावा की. तुम्हीच काढलं, तुम्हीच लावा.”

त्यानंतर नाना दर रविवारी सायखेड्याला जायचे. कधी कारभारी भेटायचा, कधी शेताकडे गेलाय असं सांगायचे. इकडे ते मॅनेजरच्या केबिनबाहेर बसून राहायचे. मला वाटतं कंटाळूनच, चार महिन्यांनी मॅनेजर म्हणाले, “ठीक आहे. आणा त्याला. सगळ्यांसारखं फाटकावर फुंकू दे. शून्य आलं तर घेतो.” नाना धावत घरी आले. त्या कमरेने ते धावू शकतात हे मला माहीत नव्हतं. कारभारीने आठ दिवस मागितले. आठ दिवस मी हात लावणार नाही, असं नानांच्या हातावर हात ठेवून म्हणाला.

सोमवारी सकाळी तो आला. मी कॉलेज बुडवून फाटकापाशी उभी होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात जेवणाचा डबा. बायकोने डबासुद्धा दिला होता. रांगेतल्या जुन्या लोकांनी “या कारभारी” म्हणून त्याला पुढे घेतलं. नाना आधी स्वतः फुंकले. शून्य. मग त्याने फुंकलं.

नानांनी आकडा पाहिला आणि यंत्र छातीशी धरलं. “चूळ भर,” ते म्हणाले. “पंधरा मिन्टं थांबू.”

कारभारीने चूळ भरली. बाकीच्यांनी फुंकून किल्ल्या नेल्या, गाड्या निघाल्या. पंधरा मिनिटांनी त्याने पुन्हा फुंकलं. नाना म्हणाले, “आजून थांबू. थंडीनं होतं कधी कधी.” थंडी नव्हती, चैत्र होता. अर्धा तास झाला. मॅनेजर दारात येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा फुंकायला नानांनी यंत्र पुढे केलं तेव्हा कारभारीनेच त्यांचा हात खाली केला.

“लिहा, नाना. काल सांच्याला ऱ्हावलं नाय. हात कापत होते. म्हणलं सकाळी पोचताच नाय आलं तर?”

नानांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच होतं, सरळ, ओळीवर. कारभारी डबा घेऊन सायखेड्याच्या गाडीकडे गेला. वळून बघितलं नाही.

नानांनी त्याच आठवड्यात काम सोडलं. चूळ आणि पंधरा मिनिटांचा नियम मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फाटकावर लावला होता. तो काही दिवस राहिला. मग रंगकाम निघालं आणि त्यात गेला. नवा माणूस रांग लवकर संपवायचा.

माझ्या शेवटच्या परीक्षेच्या आधी नाना गेले. खोकला छातीत उतरला होता, आणि आसव सोडाच, कुठलंही पातळ औषध ते तोंडाला लावू देत नव्हते. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसले होते तेव्हा राहवलं नाही म्हणून विचारलं. विचारायला नको होतं. म्हटलं, “नाना, त्या सोमवारी शून्य लिहिलं असतं तर? मॅनेजर आत होते. मी कुणाला सांगितलं नसतं.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“तर त्याच्या नावापुढं मी दोनदा खोटं लिव्हलं असतं,” नाना म्हणाले.