खानदानी नस

आमच्या नातेवाइकांत पूर्वी लग्नकार्यात बायका एकमेकींचे दागिने बघायच्या. आता पुरुष एकमेकांचे स्टेंट मोजतात. एका मेव्हण्यांनी तर पंगतीत शर्टाची बाही वर करून मनगटावरची खूण दाखवली होती, "यहीं से डाला, पता भी नहीं चला!" या मैफलीत माझे काका कायम मागे पडायचे. सत्तरी ओलांडली, सकाळी पोहे-जलेबी, संध्याकाळी सेव, तरी ना ब्लॉकेज ना बायपास. सांगण्यासारखं काहीच नाही. बिचारे गप्प बसून श्रीखंड खायचे.

मी इंदूरमध्ये विजय नगरच्या एका ऑफिसात नसा मोजते. परदेशातल्या हॉस्पिटलांतून सीटी स्कॅन येतात, सॉफ्टवेअर त्यातली रक्तवाहिनी शोधून तिच्या कडेने हिरवी रेघ काढतं आणि रुंदी सांगतं. आमचे साहेब क्लायंटला सांगतात की सगळं आपोआप होतं. आपोआप होत असतं तर आम्ही एवढ्या जणी तिथे काय डबा खायला बसतो? सॉफ्टवेअर हुशार आहे, पण चुकलं तरी त्याचा आवाज खाली येत नाही. कधी आतड्यालाच नस समजतं आणि तिची रुंदी छातीठोक सांगतं. मग ती रेघ हाताने ओढून जागेवर आणायची, हे माझं काम. घरच्यांनी या कामाचं आपल्या परीने सार काढलं होतं: नस बारीक म्हणजे वाईट.

आणि मग काकांच्या पोटात दुखलं. मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली, तर डॉक्टरांना खडा राहिला बाजूला, पोटातली मुख्य धमनीच रुंद झालेली दिसली. त्यांनी रंगाचं इंजेक्शन देऊन सीटी करायला सांगितलं. रिपोर्ट आला: पाच पॉइंट आठ सेंटीमीटर. काकांनी तो डॉक्टरांच्या आधी पोहेवाल्याला दाखवला.

"नॉर्मल माणसाची दोन असते, दोन! अपनी पाच पॉइंट आठ! भिया, खानदानी चीज आहे ही."

"क्या बात है, दादा!" म्हणत पोहेवाल्याने सेव जास्त टाकली.

काकांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्या शौर्याचा घरात दुसरा काही पुरावा उरला नव्हता, तो आता पोटात सापडला. शिवाय आमच्या शहराला नंबराचं वेड. सफाईत पहिला नंबर आल्यापासून कुठलाही आकडा मोठा असला की इंदूरकराची छाती फुगते. काकांच्या बाबतीत ती पोटापर्यंत उतरली एवढंच.

डॉक्टरांनी समजावलं, की हा फुगवटा आहे, साडेपाचच्या पुढे गेला की थांबू नये, फुटला तर हॉस्पिटल गाठायलाही वेळ मिळत नाही. मांडीतून आत कापडी नळी बसवावी लागेल. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन आम्हाला सुनावलं, "पूरा शहर रोड चौडे करून राहिला आहे, आणि हा डॉक्टर माझा रोड छोटा करणार! काही लॉजिक आहे?"

रोड चौडा करण्याचा अनुभव काकांना होताच. छत्रीबागेतल्या त्यांच्या गल्लीत पालिकेने लाल रंगाच्या खुणा केल्या, तेव्हा विकास-विकास म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत काका पुढे होते. मग खूण त्यांच्याच बैठकीच्या मधोमध आली. बैठक कापली गेली, आणि उरलेल्या जागेपुढे घाईघाईने एका विटेच्या जाडीची भिंत उभी राहिली. दोन पावसाळ्यांत ती रस्त्याच्या बाजूला फुगली. तेव्हापासून काकांचा दिवस बाहेर खुर्ची टाकून भिंतीची राखण करण्यात जातो. कोणी स्कूटर टेकवायला आला की हे ओरडतात, "ए भिया, दीवार को मत टेक!"

ऑपरेशनला मात्र ठाम नकार. "घरात मोजणारी असताना बाहेरच्याचं का ऐकू?" म्हणून स्कॅनची सीडी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती उघडली. सॉफ्टवेअरने हिरवी रेघ काढली आणि आकडा दिला: साडेतीनच्याही आत. क्षणभर मला इतका आनंद झाला की साहेबांना पेढे द्यावेसे वाटले. पण डोळ्यांना सवय असते. इंजेक्शनचा रंग फक्त वाहत्या रक्तात चमकतो. फुगलेल्या नसेत आतून रक्ताच्या गुठळीचा थर बसतो, तो राखाडी राहतो, आणि आमचं हुशार सॉफ्टवेअर चमकतं तेवढंच मोजतं. खरी भिंत त्या थराच्या बाहेर असते. रोज मी परक्या माणसांच्या रेघा बाहेर ओढते, त्यांची नावंही मला दिसत नाहीत. त्या दिवशी पडद्यावर काकांचं नाव होतं. मी घाबरले होते. रेघ एकेक टोक धरून भिंतीपर्यंत नेली. पाच पॉइंट आठ. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण काही न विचारता चहा ठेवून गेली.

घरी सांगितलं तर काकू माझ्यावरच उखडल्या. "मशीन साडेतीन म्हणत होतं ना? मग तू कशाला मध्ये हात घातलास?"

काका तर खूश झाले. घरच्या मोजणीतही मार्क तेवढेच पडले होते.

मी आठवडाभर डोकं फोडलं. चित्रं दाखवली, ओरडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी रविवारी नसेचं चित्र छापून घेऊन गेले. काका खुर्चीवर होते. तेवढ्यात समोरच्या दुकानात आलेला एक माणूस स्कूटर भिंतीकडे झुकवायला लागला. काका ताडकन उठले, "अरे भिया, दिखता नहीं? फुगली आहे ती! जरा धक्का लागला तर जाईल!"

"पण रुंद झालीय ना, काका?" मी म्हटलं. "चांगलंच की."

"रुंद कसली? भिंत जितकी फुगेल तितकी कच्ची होते, एवढी अक्कल नाही तुला?"

मी चित्र त्यांच्या हातात दिलं. राखाडी थराच्या बाहेरची पातळ कड बोटाने दाखवली. "ही तुमची भिंत."

काका चित्राकडे बघत राहिले, मग भिंतीकडे, मग पुन्हा चित्राकडे. हळूच खुर्चीत बसले. इतक्या हळू बसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आणि मी काल गव्हाचं पोतं उचललं," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन ठरलं. स्ट्रेचर दारातून आत जाताना त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, काकूंबद्दल काही सांगतील. "बेटा, घरी जाऊन बघ. कोणी गाडी टेकवली नाही ना." दार बंद झालं आणि मी तिथेच भिंतीला धरून रडले.

ऑपरेशन नीट झालं. काका हॉस्पिटलात होते तेवढ्यात काकूंनी मिस्त्री बोलावला आणि जुनी भिंत पाडून दुप्पट जाडीची बांधून घेतली. "दोन-दोन फुगवटे सांभाळायला मी काय रिकामी आहे?" म्हणाल्या.

काका परत आले. पुढच्या लग्नात मेव्हण्यांसमोर त्यांनी हाताने वीत दाखवली, "तुमचे स्टेंट इतकुसे. आपली नळी एवढी!" मेव्हणे त्या दिवशी गप्प बसून श्रीखंड खात होते.

पण मला आठवते ती त्यांची घरातली पहिली संध्याकाळ. खुर्ची बाहेर, काका खुर्चीत, मी शेजारी. एक स्कूटरवाला नव्या भिंतीजवळ आला आणि काकांना बघून थबकला. सवयीने काका ओरडायला अर्धे उठलेच होते. मग त्यांचा हात पोटावर गेला, तिथे जरा थांबला, आणि ते परत बसले.

"टेकव, भिया," ते म्हणाले. "टेकव."